डबल आयपीए: आधी तारीख बघा, मग टक्के

एकाच बीअरचे चार कॅन मी एकदा आणले होते. डबल आयपीए, म्हणजे हॉप्स या सुगंधी फुलांचा भरपूर वापर केलेल्या इंडिया पेल एल या बीअरचा जास्त जोराचा प्रकार. अल्कोहोल ८ टक्के, चारही कॅनच्या बुडाशी एकच तारीख. तीन फ्रीजमध्ये बसले. चौथ्याला जागा नव्हती म्हणून तो ओट्याखालच्या कपाटात ठेवला आणि साफ विसरून गेलो. दोन महिन्यांनी तो हाताला लागला तेव्हा फ्रीजमधल्यांपैकी एक अजून शिल्लक होता. दोन्ही सारखे गार केले आणि एकाच मापाच्या दोन ग्लासांत शेजारी शेजारी ओतले.

फ्रीजमधल्या बीअरला संत्र्याच्या सालीत नख खुपसल्यावर येतो तसला वास होता, मागून पाइनच्या चिकाचा. कपाटातलीचा रंग चहाकडे झुकलेला. वास मधाचा आणि त्याखाली भिजलेल्या पुठ्ठ्याचा. घोट घेतला तर आधी गोड चिकटपणा, मग जिभेवर रेंगाळणारा रखरखीत कडवटपणा आणि शेवटी घशात दारूची जळजळ. टक्के दोन्हीकडे आठच. पहिल्या ग्लासात ते लपलेले होते, दुसऱ्यात त्यांच्याशिवाय फारसं काही उरलं नव्हतं.

डबल आयपीए नव्याने पिऊ लागलेल्या प्रत्येकाला मी हेच आधी सांगतो. या बीअरचा ताजेपणा आणि तिचा जोर एकमेकांत गुंतलेले असतात. हॉप्सचा सुगंध शाबूत असतो तोवर तो अल्कोहोलला झाकून ठेवतो. सुगंध उडाला की झाकण निघतं. त्यामुळे ताजी डबल आयपीए आहे त्यापेक्षा हलकी वाटते आणि शिळी झालेली आहे त्यापेक्षा जड. खालच्या पायऱ्या दुकानातल्या फळीपासून ग्लासापर्यंत जातात आणि प्रत्येक पायरीवर या दोन्ही गोष्टी सोबत चालतात.

पायरी १: ‘डबल’ म्हणजे नेमकं काय वाढलं ते समजून घ्या

बीअरमध्ये मुख्य जिन्नस चारच: पाणी, माल्ट, यीस्ट आणि हॉप्स. माल्ट म्हणजे सातूला मोड आणून, वाळवून, थोडी भाजून केलेलं धान्य. त्यातून साखर मिळते, यीस्ट ती साखर खातं आणि अल्कोहोल तयार करतं. हॉप्स ही एका वेलीची छोट्या शंकूसारखी हिरवी फुलं. त्यांच्या पाकळ्यांच्या बुडाशी लुप्युलिन नावाची पिवळी, चिकट पूड असते. बीअरचा कडूपणा आणि आयपीएचा सगळा सुगंध याच पुडीतून येतो.

साधी अमेरिकन आयपीए साधारण ५.५ ते ७.५ टक्क्यांची असते, डबल आयपीए ७.५ ते १० टक्क्यांची. म्हणजे नावात ‘डबल’ असलं तरी अल्कोहोल दुप्पट नसतं. मग दुप्पट काय? या प्रकाराची सुरुवात बहुतेक जण १९९४ पर्यंत मागे नेतात. कॅलिफोर्नियातल्या टेमेक्युला इथे ब्लाइंड पिग नावाची छोटी ब्रुअरी सुरू होत होती. तिथले ब्रुअर व्हिनी सिलुर्झो यांच्याकडची यंत्रसामग्री जुनी होती, आंबवायच्या टाक्या प्लास्टिकच्या होत्या. पहिल्याच घाण्यात काही बरीवाईट चव उतरली तर ती झाकली जावी म्हणून त्यांनी नेहमीच्या कृतीत हॉप्स दुप्पट केले आणि माल्ट सुमारे ३० टक्क्यांनी वाढवलं. पुढे रशियन रिव्हर ब्रुअरीत त्यांनीच केलेली ८ टक्क्यांची ‘प्लिनी द एल्डर’ या प्रकाराची सर्वांत माहीत असलेली बीअर ठरली. काही ब्रुअरी याच प्रकाराला ‘इम्पीरियल आयपीए’ म्हणतात. लेबलवर यांपैकी काहीही लिहिलेलं असलं तरी चालतं.

एक बारीक गोष्ट इथेच लक्षात घ्या, पुढे उपयोगी पडेल. चांगली डबल आयपीए जास्त अल्कोहोलची असूनही तोंडात जड लागत नाही. त्यासाठी ब्रुअर माल्ट साधं, फिकट ठेवतात आणि बऱ्याचदा थोडी साधी साखरही घालतात. ती यीस्ट पूर्ण खाऊन टाकतं आणि मागे गोडवा राहत नाही. आकड्यांत सांगायचं तर आंबवण्याआधी पाण्याच्या तुलनेत १.०७० असलेली घनता १.०१० वर आली, तर फरक ०.०६० चा. त्याला १३१.२५ ने गुणलं की साधारण ७.९ टक्के अल्कोहोल मिळतं. साखर गेली, अल्कोहोल आलं. जिभेला कळतो तो कोरडेपणा. अल्कोहोल जिभेला तेवढं कळत नाही.

पायरी २: काय उडून जातं आणि का

या पायरीवर थोडं थांबा. हे एकदा समजलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

हॉप्समधून बीअरला दोन वेगळ्या गोष्टी मिळतात. पहिली कडूपणा. हॉप्समधली अल्फा आम्लं उकळल्यावर रूप बदलतात आणि पाण्यात विरघळून कडूपणा देतात. तो मोजायचं माप म्हणजे आयबीयू. डबल आयपीएला साधारण ६० ते १०० आयबीयू सांगतात. दुसरी गोष्ट सुगंधी तेलं: मिरसीन, लिनालूल, जिरॅनिऑल अशी त्यांची नावं. शिवाय गंधक असलेली काही द्रव्यं, जी अगदी कणभर असली तरी पॅशनफ्रूट किंवा पेरूचा वास देतात. ही तेलं उकळीत टिकत नाहीत, वाफेबरोबर निघून जातात. म्हणून सुगंधासाठी हॉप्स शेवटी घालतात. उकळ थांबल्यावर, आणि मग आंबवण चालू असताना किंवा संपल्यावर थंड बीअरमध्ये. या शेवटच्या कामाला ड्राय हॉपिंग म्हणतात आणि डबल आयपीएचा जीव त्यात असतो.

कडूपणा काही प्रमाणात टिकाऊ आहे. सुगंध मात्र पहिल्या दिवसापासून कमी होत जातो. त्याचे शत्रू तीन: हवेतला ऑक्सिजन, उष्णता आणि उजेड. ऑक्सिजन सर्वांत वाईट. कॅन किंवा बाटली भरताना आत शिरलेली हवा नंतर कोणीच काढू शकत नाही. म्हणूनच चांगल्या ब्रुअरी बीअरमध्ये विरघळलेला ऑक्सिजन अब्जात ५० भागांच्याही खाली ठेवायची धडपड करतात. एवढ्याशा हवेनेही हॉप्सचा सुगंध मंदावतो, आणि रिकाम्या झालेल्या जागी माल्टच्या बाजूच्या चवी पुढे येतात: मध, टॉफी, पुठ्ठा. या पुठ्ठ्याच्या वासामागे असतं ट्रान्स-२-नोनेनाल नावाचं द्रव्य. काही सुगंध तर बाटलीच्या बुचातलं अस्तरच शोषून घेतं.

इथे नवखे लोक हमखास एका ठिकाणी फसतात. त्यांना वाटतं, ८-९ टक्के अल्कोहोल आहे, म्हणजे ही टिकणार. वाइनसारखी मुरत जाईल. अल्कोहोल आणि हॉप्स दोघंही जंतूंना रोखतात हे खरं, त्यामुळे जुनी डबल आयपीए बाधत नाही. पण जंतू नसणं म्हणजे ताजं असणं नव्हे. बार्लीवाइनसारखी माल्टवर उभी असलेली जड बीअर वर्षानुवर्षं ठेवली तर तिच्यात सुक्या मेव्याच्या, शेरीच्या चवी उतरतात आणि त्या तिला शोभतात. डबल आयपीएत तेच बदल झाले की ज्यासाठी ती केली तेच निघून जातं. ‘जुनं ते सोनं’ इथे लागू नाही. प्लिनी द एल्डरच्या बाटलीवर तर ही बीअर मुरवत ठेवू नका, थंड ठेवा आणि ताजी प्या, असं ठळक छापलेलं असतं.

आणखी एक गैरसमज आयपीएच्या नावातल्या ‘इंडिया’मधून येतो: भारतापर्यंतचा प्रवास सोसणारी बीअर म्हणजे टिकाऊच असणार. लंडनच्या बो ब्रुअरीची, जॉर्ज हॉजसन यांच्या घराण्याची बीअर जहाजातून महिनोन् महिने प्रवास करून भारतात यायची आणि ती टिकावी म्हणून तिच्यात हॉप्स भरपूर असायचे, हे खरंच. पण ते हॉप्स बीअर आंबू नये म्हणून होते. बंदरावर उतरेपर्यंत ती मुरून निवळलेली असे आणि लोकांना ती तशीच आवडे. आजची डबल आयपीए सुगंधासाठी केली जाते. एवढा प्रवास तिला सोसणार नाही.

पायरी ३: तारीख शोधा, आणि कोणती तारीख आहे ते बघा

दुकानात हात आधी कॅन उलटा करण्यासाठी जाऊ द्या. तारीख बहुतेकदा कॅनच्या बुडाशी, बाटलीच्या मानेवर किंवा लेबलच्या कडेला बारीक ठिपक्यांच्या अक्षरांत असते.

तारखा दोन प्रकारच्या असतात. एक भरल्याची तारीख, म्हणजे बीअर कॅनमध्ये गेली तो दिवस. दुसरी ‘या आधी प्या’ ही तारीख. पहिली तुमच्या कामाची. दुसरीवरून थोडंच कळतं, कारण मुदत ब्रुअरी स्वतः ठरवते. कोणी तीन-चार महिने देतं, कोणी सहा, कोणी सरळ वर्ष. वर्षाची मुदत दिलेल्या कॅनवर अजून चार महिने बाकी दिसले म्हणजे ती बीअर आठ महिन्यांची आहे. डबल आयपीएसाठी हे फार झालं.

काही ठिकाणी नुसता आकडा असतो. उदाहरणार्थ २१४ आणि पुढे वर्षाचा अंक. तो वर्षातला कितवा दिवस हे सांगतो. २१४ वा दिवस म्हणजे २ ऑगस्ट, लीप वर्षात १ ऑगस्ट. महिना काढायचा असेल तर आकड्याला तिसाने भागा आणि पूर्णांक आला त्याच्या पुढचा महिना धरा. दुकानात उभ्या उभ्या एवढा अंदाज पुरतो.

माझं स्वतःचं माप असं आहे. भरल्यापासून महिन्याच्या आत: डोळे मिटून घ्या. दोन महिन्यांपर्यंत: थंड ठेवलेली असेल तर घ्या. तीन महिने: ब्रुअरी ओळखीची असेल आणि कॅन फ्रीजमधूनच निघत असेल तरच. त्यापुढे मी घेत नाही, कितीही नाव ऐकलेलं असलं तरी. आणि तारीखच नसेल तर डबल आयपीए घेऊच नका. जी ब्रुअरी या प्रकारावर तारीख छापत नाही, तिने ताजेपणाचा विचार केलेला नाही, असं माझं ठाम मत आहे.

तारखेला किती महत्त्व द्यावं याचं उत्तम उदाहरण म्हणजे स्टोन ब्रुइंगने २०१२ मध्ये काढलेली ‘एन्जॉय बाय’ ही मालिका. ९.४ टक्क्यांची डबल आयपीए, आणि नावातच मोठ्या अक्षरांत तारीख: या दिवसाच्या आत प्या. मुदत जेमतेम पाच आठवड्यांची. तारीख बुडाशी लपवण्याऐवजी तिलाच बीअरचं नाव केलं.

‘ताजी’ हा शब्द मोजायचा तो बीअर भरल्यापासून, हॉप्स तोडल्यापासून नव्हे. उत्तर गोलार्धात हॉप्सची तोडणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये होते. नंतर ते वाळवून, दाबून, गोळ्या करून, हवाबंद पाकिटांत थंडगार ठेवतात आणि वर्षभर वापरतात. त्यामुळे मे महिन्यात भरलेली डबल आयपीएसुद्धा पूर्ण ताजी असू शकते.

पायरी ४: ती कुठे ठेवली होती ते बघा

तारीख चांगली आणि बीअर शिळी, असंही होतं. बीअरच्या धंद्यात एक जुना ठोकताळा आहे: ३-३०-३००. बीअर ३२ अंश सेल्सिअसला ३ दिवसांत जेवढी शिळी होते तेवढी २२ अंशांना ३० दिवसांत आणि ३ अंशांना ३०० दिवसांत होते. हा ठोकताळा सगळ्या बीअरसाठी आहे. डबल आयपीएचा सुगंध त्याहून नाजूक असतो, म्हणून ३०० दिवसांच्या भरवशावर राहू नका. पण प्रमाण लक्षात ठेवा. उन्हात तापलेल्या गाडीत काढलेली एक दुपार आणि फ्रीजमधले काही आठवडे, दोघांचं नुकसान जवळपास सारखं.

म्हणून दुकानात फ्रीजमधलाच कॅन घ्या. फळीवर मांडलेला, त्यातही खिडकीजवळचा, नको. बाटली असेल तर उजेडाचा प्रश्न आणखी. उजेड पडला की कडू द्रव्यं तुटतात आणि त्यातून गंधकाचं एक द्रव्य तयार होतं. त्याला स्कंक नावाच्या प्राण्याच्या फवाऱ्यासारखा, जळक्या रबराकडे झुकणारा उग्र वास असतो. थेट उन्हात हे काही मिनिटांत घडतं. तपकिरी काच बराचसा उजेड अडवते, हिरवी आणि पांढरी काच जवळजवळ नाहीच. कॅनमध्ये उजेड शिरतच नाही. डबल आयपीएसाठी मी कॅनच घेतो, बाटली फक्त तपकिरी आणि फ्रीजमधली.

एका दुकानात मला सवलतीत डबल आयपीएची अख्खी पेटी मिळाली होती. भरून सहाच आठवडे झालेले, म्हणून खूश होतो. घरी आल्यावर पहिल्याच घोटाला मध आणि पुठ्ठा. पेटी दाराजवळ उन्हाच्या तिरिपेत ठेवलेली असायची, हे पुढच्या खेपेला दिसलं. तेव्हापासून सवलत दिसली की मी आधी विचारतो, माल ठेवता कुठे?

टॅपवरची बीअर घेत असाल तर केग, म्हणजे टॅपला जोडलेलं बीअरचं पिंप, कधी लावला ते विचारा. चांगल्या ठिकाणी वाढणाऱ्याला हे माहीत असतं आणि विचारलेलं आवडतंही. टॅपवरून मोठ्या बाटलीत भरून घरी नेणार असाल तर ती त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी संपवायची. भरताना हवा आत गेलेलीच असते.

पायरी ५: घरी आणल्यावर

थेट फ्रीजमध्ये, उभी, २ ते ४ अंशांना. दारात नको, मागच्या बाजूला ठेवा, तिथे गारवा स्थिर असतो. फ्रीझरमध्ये टाकून विसरू नका, कॅन फुगतो आणि फुटतो. लागेल तेवढीच आणा. डबल आयपीएचा साठा करायचा नसतो. कॅनवर मार्करने भरल्याची तारीख मोठ्या अक्षरांत लिहून ठेवली की मागचा कॅन मागेच राहत नाही.

एक भीती मात्र सोडून द्या. थंड बीअर एकदा गरम झाली आणि पुन्हा थंड केली म्हणजे ती त्यानेच बिघडते, असं ऐकायला मिळतं. तसं नाही. बिघडवतो तो गरम अवस्थेत गेलेला एकूण वेळ. दुकानातून घरापर्यंतच्या अर्ध्या तासाने काही होत नाही.

घरच्या उष्णतेचा आणखी एक परिणाम आहे, आणि तो जोराशी थेट जोडलेला आहे. हॉप्समध्ये थोडी विकरं (एन्झाइम्स) असतात. ड्राय हॉपिंग केलेल्या बीअरमध्ये ती जटिल साखरा तोडून यीस्टला खाता येतील अशा करतात. बीअर गाळलेली किंवा पाश्चरीकृत नसेल, म्हणजे आत जिवंत यीस्ट असेल, आणि कॅन उबेत राहिला, तर आतल्या आत पुन्हा आंबवण सुरू होऊ शकते. अल्कोहोल लेबलपेक्षा थोडं वाढतं, वायू वाढतो, कॅनचं बूड फुगतं. कधी लोण्यासारखा वासही येतो. बूड बाहेर आलेला कॅन दिसला तर तो चांगला गार करा, सिंकवर धरा, तोंड स्वतःकडे न ठेवता हळूच उघडा आणि ती बीअर पिऊ नका.

पायरी ६: टक्क्यांचा हिशोब

आता दुसरी बाजू. ताजी, थंड, फळांच्या वासाची डबल आयपीए सरबतासारखी उतरते. तिचा जोर चवीवरून कळेल या भरवशावर राहू नका, कागदावर मोजा.

लेबलवरचा एबीव्ही म्हणजे एकूण बीअरच्या किती टक्के शुद्ध अल्कोहोल आहे ते. ३३० मिलीच्या ५ टक्क्यांच्या साध्या बीअरमध्ये १६.५ मिली अल्कोहोल असतं, वजनाने सुमारे १३ ग्रॅम. त्याच मापाच्या ८ टक्क्यांच्या डबल आयपीएत २६.४ मिली, सुमारे २१ ग्रॅम. आणि ५०० मिलीचा ८ टक्क्यांचा कॅन असेल तर ४० मिली, जवळपास ३२ ग्रॅम. हेच ४० मिली अल्कोहोल ४० टक्क्यांच्या व्हिस्कीत मिळवायचं तर १०० मिली व्हिस्की लागते. म्हणजे ३० मिलीचे तीन पेग आणि वर थोडी. ग्लास एकच दिसतो, कॅन एकच मोजला जातो, म्हणून ‘एकच तर बीअर घेतली’ असं मनापासून वाटतं. पोटात मात्र तीन पेग गेलेले असतात.

शरीर साधारण तासाला ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निकालात काढतं, माणसागणिक कमी-जास्त. वर सांगितलेल्या एका कॅनला तीन-चार तास, कधी त्याहून जास्त लागतात. कॉफीने, आंघोळीने, वाऱ्यावर फिरून ही गती वाढत नाही. त्यामुळे डबल आयपीए पिणार असाल तर परतीची सोय आधी करून ठेवा, गाडीची किल्ली घरीच राहू द्या. रिकाम्या पोटी नको. शेजारी पाण्याचा ग्लास ठेवा आणि बीअरच्या प्रत्येक ग्लासामागे तो संपवा. गरोदरपणात, अल्कोहोलशी न जमणारी औषधं चालू असताना किंवा मद्यपानाचं कायदेशीर वय झालेलं नसताना ही बीअर नाही, हे वेगळं सांगायला नको. अल्कोहोलचं पूर्णपणे निर्धोक असं प्रमाणच नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे.

मला जमलेला सोपा उपाय म्हणजे कॅन वाटून घेणं. दोघांत किंवा तिघांत एक. १५० मिलीच्या ग्लासात डबल आयपीएचा सगळा सुगंध भेटतो. ताजेपणाच्या दृष्टीनेही हे बरं पडतं, कारण मोठा ग्लास संपेपर्यंत शेवटचा तिसरा हिस्सा कोमट आणि निर्जीव झालेला असतो.

आयबीयूच्या आकड्यावरून जोर ठरवू नका. तो कडूपणाचा आकडा आहे, अल्कोहोलचा नाही. शिवाय मोठ्या आकड्यांतला फरक जिभेला फारसा कळतही नाही.

पायरी ७: ओतणं, हुंगणं, पिणं

फ्रीजमधून काढल्यावर पाच-दहा मिनिटं थांबा. बर्फासारखी थंड बीअर वासच सोडत नाही. ७ ते १० अंश हे बरं तापमान. ग्लास वर निमुळता होत जाणारा, वासाला धरून ठेवणारा असावा आणि तो खरोखर स्वच्छ असावा. साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला की फेस बसतो, आणि फेसाबरोबरच तर सुगंध नाकापर्यंत येतो. ग्लास धुऊन, पाण्याने खळखळून, तसाच ओला वापरा.

अमेरिकेतल्या व्हरमॉन्टमधल्या द अल्केमिस्ट ब्रुअरीची ‘हेडी टॉपर’ ही ८ टक्क्यांची, मुद्दाम गढूळ ठेवलेली डबल आयपीए खूप नावाजलेली आहे आणि तिच्या कॅनवरच ‘कॅनमधूनच प्या’ असं छापलेलं असतं. करणाऱ्याचा मान राखून सांगतो, नवख्याने ग्लासातच ओतावी. रंग दिसल्याशिवाय आणि नाक आत घातल्याशिवाय ताजी-शिळी शिकता येत नाही.

ओतल्यावर आधी नुसतं बघा. गढूळ प्रकारची असेल तर रंग स्वच्छ पिवळा, आंब्याच्या रसाकडे जाणारा असावा. करडा किंवा तपकिरी झाक आली असेल तर हवा लागलेली आहे. नितळ प्रकारची असेल तर सोनेरी ते फिकट तांबूस. मग हुंगा, दोन छोटे श्वास. हॉप्सचा वास कोणता ते नावाने ओळखता आलं नाही तरी हरकत नाही. लिंबूवर्गीय फळं, आंबा, पाइन, ताजं कापलेलं गवत, यांतलं काही समोर आलं की बीअर जिवंत आहे. मध, खजूर, ओला कागद आधी आला तर नाही. आता घोट. कडूपणा स्वच्छ असावा, येऊन जावा. गिळल्यानंतर घशात ऊब जाणवली तर चालेल, जळजळ चालणार नाही.

एक अपवाद सांगायलाच हवा. बीअर ताजीच्या पलीकडे, अतिताजीही असू शकते. भरपूर ड्राय हॉपिंग केलेली गढूळ डबल आयपीए भरल्यानंतर पहिल्या काही दिवसांत घशाला खरखरीत, तिखट लागते. हॉप्सचे बारीक कण अजून खाली बसलेले नसतात. असं वाटलं तर उरलेले कॅन आठवडा-दोन आठवडे फ्रीजमध्ये उभे ठेवा आणि मग उघडा. पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातला कॅन पहिल्या दिवशीच्या कॅनपेक्षा सरस निघतो. ओततानाही शेवटचा बोटभर गाळ कॅनमध्येच सोडून द्या.

पायरी ८: मागे राहिलेला कॅन

कितीही काळजी घेतली तरी एखादा कॅन मागे राहतोच. बूड फुगलेलं नसेल तर तो बाधणार नाही, पण पाहुण्यांना पाजू नका. त्यांची पहिली डबल आयपीए ती असेल तर पुढची ते घेणार नाहीत. स्वयंपाकात वापरायचा विचार असेल तर आटवायच्या रश्शात नको. पाणी उडतं, कडूपणा सगळा मागे राहतो आणि पदार्थ कडूजहर होतो. तळणीच्या पिठात पाण्याऐवजी थोडीशी कालवली तर चालते, फेसामुळे कवच हलकं होतं.

त्याआधी मात्र तिचा एक उपयोग करून घ्या. तीच बीअर ताजी मिळाली की दोन्ही शेजारी शेजारी ओता, शंभर-शंभर मिली, एकाच तापमानाला. आधी रंग, मग वास, मग एकेक घोट. कोणता ग्लास कोणता हे दुसऱ्या कोणाला तरी ठेवायला सांगा आणि वासावरून ओळखून बघा. ओळखलात की शिळीचा ग्लास बाजूला ठेवा आणि ताजीचे उरलेले घोट सावकाश घ्या.